व्हायोलिनच्या तारा आणि मांजराचं आतडं

फिरणारा दावा असा: व्हायोलिनच्या तारा मांजराच्या आतड्यापासून बनवतात. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण अशा तारेला इंग्रजी शब्दच 'कॅटगट', म्हणजे शब्दशः 'मांजराचं आतडं'.

प्रत्यक्षात ही तार मुख्यतः मेंढीच्या लहान आतड्याची. आपल्या पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात किंवा सारंगीच्या मुख्य तारा याच जातकुळीतल्या. मेंढीचं लहान आतडं २० मीटरच्या आसपास लांब असतं, मांजराचं जेमतेम एक-दीड मीटर; कारागीर कोणतं निवडेल ते उघड आहे. इटलीत अब्रुझ्झो भागातलं साले गाव या कामासाठी ओळखलं जाई. आतडं क्षाराच्या पाण्यात भिजवून चरबी आणि नको ते थर खरवडायचे, उभ्या पट्ट्या कापायच्या, हव्या त्या जाडीनुसार त्या एकत्र घेऊन ओल्या असतानाच पीळ द्यायचा, ताणून वाळवायचं आणि घासून जाडी एकसारखी करायची. खरी परीक्षा या घासण्यात: जाडी कुठे कमी-जास्त राहिली, तर तार स्वरात लागतच नाही.

आज बहुतेक व्हायोलिनवर पोलादी किंवा कृत्रिम धाग्याच्या तारा असतात. तुमच्याकडची कोणती हे बघायचं असेल, तर तुटलेल्या तारेचा तुकडा घ्या (चढवलेल्या तारेवर प्रयोग नको). वरचं धातूचं वेष्टण सोडवून आतला गाभा चिमट्यात धरून जाळा. आतड्याचा असेल तर जळक्या केसांचा वास येतो, नायलॉन वितळून त्याचा मणी होतो, पोलाद नुसतं तापतं. वासावरून प्राणी मात्र ओळखता येत नाही.