पार्श्वभूमी : रेडिओनं परत दिलेली गाणी

इंग्लंडमध्ये आज सत्तरी गाठलेल्या कित्येकांची ही कथा आहे. सोळाव्या वर्षी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन आणि पेंटँगल या जुनी लोकगीतं नव्या ढंगात वाजवणाऱ्या बँडचं वेड होतं. मग पंक या आक्रमक रॉकची लाट आली, नोकरी-संसार आला, तबकड्या माळ्यावर गेल्या. आणि एके रात्री बीबीसी रेडिओ टूवर ओळखीचा गळा कानी पडला. वाटतं योगायोगच. पण ती गाणी या पोरांपर्यंत पोचली त्यातच रेडिओचा मोठा हात होता.

लोकगीतं गोळा करणं त्याहून जुनं. 1903 मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी एक माळी गाताना लोकगीतांचा संग्राहक सेसिल शार्पनं ऐकला आणि चाल वहीत टिपली. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. कादंबरीत कुणी ठेवलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं. पण वहीत चाल उरते, गळा उरत नाही.

गळा उरला तो रेडिओमुळे. 1950 च्या सुमारास ससेक्समधल्या रॉटिंगडीनच्या जिम कॉपर यांनी 'कंट्री मॅगझिन' कार्यक्रमात एक गाणं ऐकलं. ते तर त्यांच्याच घरात पिढ्यान्‌पिढ्या गायलं जाणारं! मुलगा बॉब यानं बीबीसीला पत्र टाकलं, आणि पुढे हाच बॉब बीबीसीसाठी खेडोपाडी गाणी ध्वनिमुद्रित करत हिंडला. पीटर केनेडी आणि शेमस एनिस हेही त्याच कामावर होते. रविवारी सकाळी 'ॲज आय रोव्ह्ड आउट' हा रेडिओ कार्यक्रम लागायचा तो याच मुद्रणांच्या जोरावर.

1958 मध्ये बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर आणि गायक इवन मॅकॉल व पेगी सीगर यांनी एक पाऊल पुढे टाकलं. ब्रेक निकामी झालेल्या गाडीवरून उडी न मारता जीव गमावलेला इंजिनचालक जॉन ॲक्सन हा त्यांच्या कार्यक्रमाचा विषय. ठरलं होतं की लोकांची बोलणी नटांकडून वदवून घ्यायची. पण टेपवरची रेल्वे कामगारांची मूळ बोली ऐकली आणि नटांचा बेत रद्द झाला. गाणीही त्या बोलण्यातूनच उगवली. अशा आठ 'रेडिओ बॅलड' झाल्या. त्यातल्या हेरिंग मासेमारीवरच्या कार्यक्रमाला 1960 मध्ये प्री इटालिया हे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. पैसा फार लागतो म्हणून मालिका 1964 मध्ये थांबली.

रॉकवाले आले ते यानंतर. 1969 मध्ये फेअरपोर्टच्या ॲशली हचिंग्जनं लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधले संग्रह धुंडाळले. 1975 मध्ये स्टीलाय स्पॅन या बँडचं एक लोकगीत थेट विक्रीच्या यादीत पाचवं आलं. पंकनंतर हे सगळं जुनाट ठरलं. रेडिओ टूवर मात्र जिम लॉइड यांचा 'फोक ऑन टू' हा लोकसंगीताचा कार्यक्रम चालू राहिला, पुढे माइक हार्डिंग आले, 2013 पासून मार्क रॅडक्लिफ.

लोकगायिका शर्ली कॉलिन्सनं लहान वयात बीबीसीला कळवलं होतं, मला लोकगीतं गायची आहेत. पत्र पोचलं बॉब कॉपरकडे आणि तो हेस्टिंग्जला तिच्या घरी थडकला. पुढे तिचा आवाज गेला. 38 वर्षांच्या खंडानंतर, 2016 मध्ये, तिचा नवा अल्बम आला तेव्हा ती 81 वर्षांची होती. ध्वनिमुद्रण तिच्या घरातच झालं.