566 भागिले तुमचा हॉल

गेल्या महिन्यात आतेभावाचा फोन आला. कोथरूडला त्याचा फ्लॅट आहे आणि दिवाळीत त्याने हौसेनं चांगले उभे स्पीकर घेतले होते. म्हणाला, अरे स्पीकरची केबल बदलतोय, दुकानदार बावीस हजार सांगतोय, घेऊ का? म्हटलं दादा, त्रास काय होतोय ते आधी सांग. तर त्रास असा, की काही गाण्यांत बेस गिटारचे एकदोन सूर भिंती हलवल्यासारखे घुमतात, आणि तेच गाणं चालू असताना तो पाणी प्यायला उठला आणि टीपॉयजवळ उभा राहिला की बेस जवळपास गायब. दुकानदाराचं म्हणणं, केबल बदला, बेस टाइट होईल.

मी म्हटलं थांब, रविवारी टेप घेऊन येतो. लांबी मोजायची टेप.

कारण आवाज सोफ्यावर एक आणि टीपॉयपाशी दुसरा येत असेल तर केबलचा त्यात काय संबंध? केबल दोन्ही वेळेला तीच आहे ना. बदललीय फक्त कानाची जागा. एवढा विचार केला तरी बावीस हजार वाचतात, पण मग हे नक्की होतं कशामुळे ते सांगायला मला फार आवडतं, म्हणून हा लेख.

दादाचा हॉल पुण्यातल्या हजारो हॉलसारखा, 10 बाय 16 फूट, उंची साडेनऊ फूट. एका टोकाला बाल्कनीचं सरकतं काचेचं दार, दुसऱ्या टोकाच्या भिंतीत बेडरूमकडे जाणारा पॅसेज, एका बाजूला डायनिंगची खाच, त्यामुळे आकार साधारण एल सारखा. टीव्हीचा पॉइंट बिल्डरने लांब भिंतीवर दिलेला, म्हणून टीव्ही आणि त्याच्या दोन बाजूंना भिंतीला चिकटून स्पीकर, आणि समोरच्या लांब भिंतीला पाठ टेकवून सोफा. म्हणजे ऐकणं-बघणं सगळं 10 फुटांच्या आडव्या अंतरात. आपल्याकडे बहुतेक घरांत असंच असतं.

आता एक परात घ्या, अर्धी पाण्याने भरा आणि दोन्ही हातांनी धरून हळूच डावी-उजवीकडे हलवा. एका ठरावीक लयीत हलवलं की पाणी एकदम जोरात हिंदकळायला लागतं, डावीकडची कड वर तेव्हा उजवीकडची खाली, मग उलट. लय थोडी जलद किंवा संथ केली की ते हिंदकळणं मोडतं. आणि नीट बघितलंत तर मधल्या रेषेवर पाण्याची पातळी हलतच नाही! कडेला सगळ्यात जास्त खालीवर, मधे शून्य.

खोलीतली हवा अगदी हेच करते, फक्त पाण्याच्या पातळीऐवजी हवेचा दाब खालीवर होतो. स्पीकरची लाट समोरच्या भिंतीवर आपटून परत येते, पुन्हा मागच्या भिंतीवर आपटते, आणि जर तिचा एक पूर्ण हेलकावा संपायला लागणारा वेळ आणि हा जाऊन-येऊनचा वेळ जुळला, तर प्रत्येक फेरीत आधीच्या लाटेत नवी लाट बरोबर मिसळते आणि आवाज साचत जातो. शाळेत आपण हिला स्थिर तरंग म्हणून शिकलो होतो, दोरी भिंतीला बांधून हलवायचा तो प्रयोग आठवत असेल. भिंतीपाशी दाब सगळ्यात जास्त बदलतो, मधोमध जवळजवळ नाहीच.

हे कुठल्या सुराला होणार ते काढायला कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो, म्हणजे 1132 फूट. जाऊन-येऊन दुप्पट अंतर, म्हणून 1132 चे निम्मे 566. 566 ला भिंतींमधल्या फुटांनी भागा, जो आकडा येईल तितक्या हर्ट्झला ती खोली पहिल्यांदा हिंदकळणार. मग त्याच्या दुप्पट, तिप्पट, अशा पुढच्याही.

दादाचा हॉल: 566 भागिले 16, आले 35. 566 भागिले 10, आले साधारण 57. उंचीचे 566 भागिले साडेनऊ, आले साधारण 60. बघा, रुंदीचा आणि उंचीचा आकडा जवळजवळ एकच! म्हणजे 57 ते 60 च्या पट्ट्यात खोली दोन दिशांनी एकदम हिंदकळते. बेस गिटारची ए ची मोकळी तार 55 हर्ट्झची, तिच्यावरचा पुढचाच सूर 58 चा. दादाचा घुमणारा सूर सापडला. सोफा भिंतीला टेकलेला, म्हणजे कान परातीच्या कडेवर. आणि टीपॉय खोलीच्या मधोमध, तिथे रुंदीच्या लाटेचा दाब शून्य, शिवाय उभ्या माणसाचे कान जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे साडेनऊ फूट उंचीच्याही जवळपास मध्यावर, तिथे उंचीचीही लाट शून्य. दोन्ही एकदम गायब. मला हे गणित असं चपखल बसलं की इतका आनंद होतो की काय सांगू.

एक अजून गंमत, बाथरूममध्ये गाताना आपला आवाज अचानक भरदार का वाटतो? चार फूट रुंदीचं बाथरूम असेल तर 566 भागिले 4, साधारण 141 हर्ट्झ. आणि पुरुष गायकाचा काळी एकचा सा असतो 138 हर्ट्झच्या जरा वर. टाइल्सच्या भिंती काही शोषत नाहीत, बाथरूम तुमच्या सा ला स्वतःहून साथ देतं.

वाईट खोली कुठली असेल तर ती 10 बाय 10 ची बेडरूम. लांबी, रुंदी, उंची तिन्हीचे आकडे 57-60 मध्येच, सगळं एकाच सुरावर येऊन बसतं. अशा खोलीत मोठे स्पीकर ठेवूच नका, लहान ठेवा.

आता जरा पुढे जाऊ. भिंत-ते-भिंत सरळ लाटांशिवाय चार भिंतींवर आपटत फिरणाऱ्या तिरक्याही लाटा असतात, त्यांचे आकडे सरळ लाटांच्या आकड्यांचे वर्ग करून, बेरीज करून, वर्गमूळ काढून मिळतात. 35 आणि 57 ची तिरकी लाट 67 च्या आसपास येते. जसजसे वर जाल तसतशी या सुरांची गर्दी वाढत जाते, आणि एका मर्यादेपुढे ते एकमेकांत इतके मिसळतात की वेगळा असा कुठलाच घुमत नाही. ही मर्यादा मॅनफ्रेड श्रोएडर या जर्मन शास्त्रज्ञाने 1954 साली मांडली. आवाज विरायला लागणारे सेकंद भागिले खोलीचे घनमीटर, त्याचं वर्गमूळ, गुणिले 2000. दादाच्या हॉलचं आकारमान 43 घनमीटर, विरायला अर्धा सेकंद धरला तर उत्तर येतं 215 हर्ट्झ. त्याच्या खाली खोलीचं राज्य, वर स्पीकरचं. म्हणजे तबल्याच्या चाटीचा आवाज कसा येणार ते बऱ्यापैकी स्पीकर ठरवतो, पण डग्गा पूर्णपणे खोलीच्या ताब्यात. डग्ग्यावर मनगट दाबून सूर वर सरकवतात तो शंभर हर्ट्झच्या आसपास हिंडतो, आणि दादाच्या हॉलच्या दुसऱ्या-तिसऱ्या लाटा 106, 113, 119 ला ओळीने उभ्या आहेत, त्यामुळे वाजवणाऱ्याने सलग सरकवलेला सूर मधेच फुगतो. कलाकाराने इतक्या मेहनतीने केलेलं काम आपल्या भिंतींनी बिघडवायचं हे मला खरंच सहन होत नाही.

अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक उपाय करतात तेही आपल्याकडे तसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिथल्या घरांत आतल्या भिंती बऱ्याचदा लाकडी चौकटीवर जिप्समचे बोर्ड ठोकलेल्या असतात, त्या स्वतः थोड्या थरथरतात आणि बेस खाऊन टाकतात. आपल्या विटांच्या आणि आरसीसीच्या भिंती हलत नाहीत, सगळा बेस परत पाठवतात. न्यू जर्सीतल्या भावाकडे जे स्पीकर छान वाजतात ते पिंपरीत घुमतात याचं हे एक मोठं कारण.

आणि ते काळे फोमचे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून बेस थांबत नाही. सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती हवेची हालचाल अडवून, आणि भिंतीला लागून हवा हलतच नाही, तिथे फक्त दाब बदलतो. 57 हर्ट्झची लाट 6 मीटर लांब, तिची हालचाल सगळ्यात जास्त असते भिंतीपासून दीड मीटरवर. दोन इंचाचा फोम तिथपर्यंत पोचणार कसा? तो वरच्या पट्टीचे सूर तेवढे खातो आणि मग खोली अजूनच कोंदट वाटते. कोपऱ्यात कापसाच्या जाड गाद्यांची चळत ठेवली तर थोडाफार फरक पडतो, जितकी जाड तितका बरा.

मग आम्ही केलं काय? मोबाइलवर सूर काढणारं फुकटचं अॅप घेतलं, अॅम्प्लिफायरला जोडून 57 हर्ट्झ लावला आणि खोलीभर फिरलो. वहिनीही फिरल्या, आणि सोफ्यापासून टीपॉयपर्यंत चालताना तो सूर विरत जातो हे त्यांना आधी ऐकू आलं. एक जुनी युक्तीही केली, स्पीकरच सोफ्यावर ठेवायचा, बेसचं गाणं लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत जिथे बेस सगळ्यात एकसारखा ऐकू येईल ती जागा शोधायची. मग स्पीकर तिथे आणि आपण सोफ्यावर. हे चालतं कारण आवाज देणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल केली तरी मधल्या वाटेचा परिणाम तोच राहतो. हेल्महोल्ट्झ आणि पुढे लॉर्ड रेली यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला हा नियम, आणि आज कोथरूडच्या हॉलमध्ये रांगताना तो कामाला येतो!

शेवटी सगळी मांडणी नव्वद अंशात फिरवली. टीव्ही आणि स्पीकर पॅसेजशेजारच्या 7 फुटांच्या भिंतीवर, सोफा त्यांच्यापासून 10 फुटांवर, आणि सोफ्यामागे बाल्कनीपर्यंत 6 फूट मोकळे, कपडे वाळत घालायला जायला वाट राहिली. याने काय झालं, तर दोन स्पीकर आता रुंदीच्या दोन बाजूंना आले. बेस बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडून सारखाच येतो. परातीच्या दोन्ही कडा एकाच वेळी वर ढकलल्या तर ते डावं-उजवं हिंदकळणं सुरूच होणार नाही ना, तसंच. शिवाय ऐकणारा रुंदीच्या मधोमध. पॅसेजमुळे सममिती पूर्ण जमली नाही, स्पीकर जरा एका अंगाला आहेत, तरी 57 चा घुमारा बराच उतरला. स्पीकर कोपऱ्यातून दीड फूट बाहेर घेतले, कारण कोपरा म्हणजे तिन्ही दिशांच्या लाटांची कड, तिथे ठेवलेला स्पीकर सगळ्यांना एकदम ढकलतो. आणि टीव्हीच्या काचेच्या थोडे पुढे ठेवले, नाहीतर वरचे सूर त्या गुळगुळीत काचेवरून उडतात.

याला शेजारच्या काकांचा विरोध होता, टीव्ही आग्नेयेलाच पाहिजे म्हणे. हवेच्या लाटेला दिशा कळत नाही, तिला दोन भिंतींमधलं अंतर कळतं, आणि ते टेपने मोजता येतं. माणसं या भीतीपोटी चांगली खोली वाया घालवतात याचं मला वाईट वाटतं. टीव्ही समोर बाल्कनी आल्याने दुपारी पडद्यावर उजेड पडतो ही मात्र खरी अडचण, तिथे जाड पडदा लावला, काचेवरून परतणारा आवाजही त्याने थोडा मवाळ झाला.

अॅम्प्लिफायर जुन्याच पॉइंटपाशी राहिला, म्हणून एका स्पीकरला 4 मीटर केबल लागली आणि दुसऱ्याला 7. दादा लगेच म्हणाला, दोन्ही सारख्याच लांबीच्या पाहिजेत ना, नाहीतर आवाज पुढेमागे होईल? हिशोब करू. केबलमधून सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो, 3 मीटरचा फरक म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचे 15 भाग. तेवढ्या वेळात आवाज हवेतून 5 मायक्रॉन जातो, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तुम्ही श्वास घेतलात तरी डोकं त्याच्या कितीतरी पट हलतं. राहिला रोध, तर दीड एमएमच्या तांब्याच्या वायरीला जाऊन-येऊन 14 मीटरला 0.16 ओहम, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो डेसिबलच्या एक पंचमांशाहून कमी आवाज खातो. खोली मात्र जागेगणिक 15-20 डेसिबल इकडेतिकडे करते. आम्ही इलेक्ट्रिकच्या दुकानातून अडीच एमएमची मल्टिस्ट्रँड वायर आणली, स्कर्टिंगच्या कडेने नेली.

एक घूं असा बारीक आवाज नंतर यायला लागला. तो केबल टीव्हीच्या वायरीतून आणि अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगमधून असा दोन वाटांनी जमिनीला जोडल्यामुळे आलेला 50 हर्ट्झचा गुणगुणाट होता. लोक अशा वेळी प्लगची तिसरी पिन काढून टाकतात, ते कधीही करू नका, जिवावर बेतू शकतं. आम्ही टीव्ही ते अॅम्प्लिफायर ऑप्टिकल केबल टाकली, तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जातच नाही, घूं तिथल्या तिथे बंद.

संध्याकाळी दादाने सतरंजी अंथरली आणि आम्ही सोफा सोडून खालीच बसलो. खाली बसलं की कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतात, म्हणजे उंचीच्या मध्यापासून लांब, तिथे 60 ची लाट पुन्हा जराशी भेटते, त्यामुळे खाली बेस किंचित जास्त. दादाला तोच आवडला. वहिनी सोफ्यावरच बसल्या, त्यांना तिथला डग्गा जास्त स्वच्छ वाटला, आणि त्यांचं ऐकून मी खाली-वर तीनदा बसून बघितलं, त्यांचं बरोबर होतं.