कार्निव्हल ऑफ सोल्स

अल्प खर्चात काढलेला अमेरिकी कृष्णधवल भयपट (१९६२). दिग्दर्शक हर्क हार्वी व पटकथाकार जॉन क्लिफर्ड हे दोघेही कॅन्झस राज्यातील लॉरेन्स येथील ‘सेंट्रॉन’ या संस्थेत शैक्षणिक व औद्योगिक लघुपट करीत. सुमारे तीन आठवड्यांत चित्रीकरण उरकले. खर्च ३०,००० डॉलरांच्या आसपास सांगितला जातो.

कथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. मोटार नदीत कोसळल्यावर एकटी वर आलेली ऑर्गनवादक मेरी हेन्री (कँडेस हिलिगॉस) मुळात वाचलेलीच नसते. या कलाटणीमुळे अनेक समीक्षक अँब्रोझ बिअर्स यांच्या ‘ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज’ (१८९०) या कथेकडे बोट दाखवतात. साम्य आहेच, पण बिअर्स यांच्या कथेतील सुटका फाशी जाणाऱ्याच्या मनात घडते, मेरीशी मात्र घरमालकीण, शेजारी, डॉक्टर सारे बोलतात आणि शेवटी वाळूत तिची पावले उमटलेली दिसतात. हार्वी यांनी स्वतः सांगितलेला उगम अधिक पटतो. कॅलिफोर्नियाहून परतताना, मावळतीच्या वेळी, त्यांना सॉल्ट लेक सिटीजवळचा ‘सॉल्टेअर’ हा ओसाड रंजनमहाल दिसला. ही वास्तू प्रथम १८९३ मध्ये उभी राहिली, १९२५ च्या आगीनंतर पुन्हा बांधली गेली आणि १९५८ मध्ये बंद पडली. तिच्या नृत्यगृहात मृतात्मे नाचत आहेत, एवढा शेवट हार्वी यांनी दिला. बाकीची कथा क्लिफर्ड यांनी रचली.

भीतीची हाताळणी हे या चित्रपटाचे खरे बळ. पांढऱ्याफटक चेहऱ्याचा पुरुष (भूमिका : स्वतः हार्वी) मेरीचा पिच्छा सोडत नाही. कपड्यांच्या दुकानात ती आडोशातून बाहेर येते, तर विक्रेतीला ती दिसतच नाही. रस्त्यावर माणसे चालतात, वाहने धावतात, पण आवाज कशाचाच नाही. बागेत झाडाला हात लावल्यावर पाखराची किलबिल कानी पडते, तेव्हा जग पुन्हा बोलू लागते. अखेर मेरी पळणे सोडून एकटीच त्या महालात जाते. जीन मूर यांचे ऑर्गनसंगीत चित्रपटभर साथ करते.

प्रथम प्रदर्शनात चित्रपट दुर्लक्षित राहिला. प्रतींवर स्वामित्वहक्काची नोंद नसल्याने तो सार्वजनिक मालकीचा झाला आणि दूरचित्रवाणीवरील रात्रीच्या खेळांतून प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. १९८९ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. हार्वी यांचा (मृत्यू १९९६) हा एकमेव कथापट.