वेबकॅम साइट वेगळी आणि तो व्हिडिओ कॉल वेगळा

सेक्स्टॉर्शनची, म्हणजे नग्न व्हिडिओ पसरवायची धमकी देऊन पैसे उकळण्याची, बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर, टपरीवर, ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणतंच, "गेला असेल तसल्या वेबकॅम साइटवर, भोगतोय आता." २०२२ मध्ये पुण्यात या त्रासाला कंटाळून तरुण पोरांनी जीव दिला, तपास करत दत्तवाडी पोलीस पार राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यापर्यंत पोचले, तेव्हाही हेच ऐकलं आणि अजूनही तेच ऐकतोय. खूप राग येतो. कारण ती साइट आणि ज्या व्हिडिओ कॉलवर माणूस असा अडकतो तो कॉल या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि या घोळापायी अडकलेला माणूस तक्रारच करत नाही.

कॉलचं सगळ्यांना माहितीये त्यामुळे भरभर सांगतो. फेसबुकवर किंवा इन्स्टावर अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, गोड गोड चॅट, मग व्हॉट्सॲपवर नंबर आणि लगेच व्हिडिओ कॉल. समोर दिसते ती बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेली नग्न क्लिप, समोर कुणी मुलगी नसतेच. तिकडे तुमच्या चेहऱ्यासकट स्क्रीन रेकॉर्ड होत असते. पाच मिनिटांत तुमच्या मित्रयादीचा स्क्रीनशॉट आणि पैशाची मागणी. दिले की दुसऱ्या दिवशी "सीबीआयमधून बोलतोय" म्हणून फोन, मग यूट्यूबवरून व्हिडिओ काढून देणारा कुणीतरी, सगळी एकाच टोळीची माणसं.

आता वेबकॅम साइट. हा रीतसर, मोठा, जुना धंदा आहे, आवडो न आवडो. हंगेरीत सुरू झालेली लाइव्हजॅस्मिन २००१ ची, मायफ्रीकॅम्स २००४ ची, चॅटरबेट २०११ ची. रोमानिया आणि कोलंबियात यासाठी स्टुडिओ चालतात, खोली, लाइट, इंटरनेट स्टुडिओचं आणि कमाईतला वाटाही स्टुडिओला. मॉडेल कॅमेऱ्यासमोर बसते, एकाच वेळी शेकडो लोक बघू शकतात, बघणारे फक्त टाइप करतात. पैसे टोकनमध्ये, म्हणजे साइटकडून विकत घ्यायच्या डिजिटल नाण्यांत. चॅटरबेटवर गिऱ्हाइकाला एक टोकन साधारण ८ ते ११ सेंटला पडतं, त्यातले ५ सेंट मॉडेलला मिळतात, उरलेले साइटचे. बहुतेक लोक एक पैसा न देता बघतात, कमाई होते ती थोड्या नेहमीच्या गिऱ्हाइकांवर आणि मिनिटाच्या भावानं चालणाऱ्या प्रायव्हेट शोवर. मॉडेलला ओळखपत्र देऊन वय सिद्ध करावं लागतं, आणि आपल्या गावच्या लोकांनी बघू नये म्हणून देश किंवा प्रांत ब्लॉक करायची सोयही बऱ्याच साइटवर असते.

दोन्हीकडे नग्नता आहे, दोन्हीकडे व्हिडिओ लाइव्ह आहे (किंवा तसं भासवलंय), दोन्हीकडे शेवटी पैसे जातात, म्हणून लोकांना ते एकच वाटतं. पण खरा फरक एकच, कॅमेरा कुणावर रोखलाय. साइटवर चेहरा दिसतो तो मॉडेलचा, ती स्वतः ठरवून, वयाचा पुरावा देऊन, पैशासाठी समोर आलीये, आणि बघणारा अंधारात बसलाय, त्याचं तिथे एक खोटं युजरनेम असतं बस. कॉलमध्ये बरोबर उलटं. तिथे बघणाऱ्याचाच चेहरा हा माल आहे, समोरची क्लिप म्हणजे नुसतं आमिष. त्याला वाटतं आपण बघतोय, प्रत्यक्षात त्यालाच बघितलं जातंय, त्याच्या संमतीशिवाय.

आणि पैशाचं गणितही यातूनच बदलतं. साइटला तुम्ही उद्या परत यायला हवे असता. ती कार्ड कंपन्यांच्या जोरावर चालते, गिऱ्हाइकानं बँकेकडे "हा व्यवहार माझा नाही" म्हणून तक्रार केली की पैसे परत द्यावे लागू शकतात, अशा तक्रारी फार वाढल्या तर कार्ड घ्यायची सोयच जाते. मास्टरकार्डनं २०२१ मध्ये अशा साइटना मॉडेलचं वय आणि संमती यांचे पुरावे ठेवायची सक्ती केली ती सगळ्यांना मुकाट्यानं पाळावी लागली. अशा धंद्यानं गिऱ्हाइकाला धमकावणं म्हणजे स्वतःचं दुकान पेटवणं. टोळीला मात्र उद्याशी देणंघेणं नाही, तिला तुमची एक घाबरलेली रात्र पुरते, पैसे यूपीआयवरून भाड्याच्या खात्यात जातात आणि तिथून पुढे गायब. म्हणूनच "एकदा देऊन टाक, मिटेल" हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. दिले की टोळीला कळतं हा देणारा आहे.

साइटवाले सज्जन आहेत असं मी म्हणत नाहीये. तिथेही चोरून रेकॉर्डिंग होतं, पण ते मॉडेलचं. शो रेकॉर्ड करून फुकट साइटवर टाकणारे ढिगानं आहेत आणि ब्लॉक केलेल्या गावात तो व्हिडिओ शेवटी पोचतोच. तिनं लाइव्हला होकार दिला होता, कायमच्या रेकॉर्डिंगला नव्हता. तिच्यावर झालेला अन्याय आणि कॉलमधल्या पोरावर झालेला अन्याय एकाच जातीचा आहे, पण तिच्याबद्दल बोलताना लोकांना तो दिसतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही साइटवर गिऱ्हाइकाला स्वतःचा कॅमेरा लावायची सोय असते, ती कधीही वापरू नये, माझं मत ठाम आहे, कारण त्या क्षणी तुम्ही अंधारातून उजेडात येता आणि वरचा फरक पुसला जातो. तसंच कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागणारी व्हिडिओ चॅटची ॲप्स. खऱ्या कॅम साइटला तुमच्या आईचा नंबर लागत नाही. मागितला की समजा धंदा दुसरा आहे.

आता पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांसाठी, कारण त्यांची भीती वेगळी असते, केस झाली तर पुढे पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये अडकू, नोकरी जाईल. तक्रार देणारा हा फिर्यादी असतो, आरोपी नसतो. प्रौढ माणसानं खासगीत प्रौढांचा मजकूर बघणं हा आपोआप गुन्हा होत नाही, केरळ हायकोर्टानं २०२३ मध्ये हे स्पष्ट म्हटलंय. लहान मुलांचा मजकूर मात्र बघणं-ठेवणंसुद्धा गुन्हाच, सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलंय आणि ते योग्यच आहे. प्रौढांचा अश्लील मजकूरही ऑनलाइन प्रसारित करणाऱ्याला आयटी ॲक्टचं कलम ६७ आणि ६७अ लागू होतं, म्हणजे भारतात बसून कॅम चालवणं धोक्याचं आहे. धमकावून पैसे मागणं ही सरळ खंडणी, आणि तो गुन्हा समोरच्याचा.

अडकलात तर पैसे देऊ नका. चॅट डिलीट करू नका, नंबर, यूपीआय आयडी, प्रोफाइलची लिंक, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा आणि मगच ब्लॉक करा, लोक घाबरून आधी सगळं उडवतात आणि पोलिसांना द्यायला काही उरत नाही. फेसबुकची मित्रयादी लपवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितका लवकर तितकी खातं गोठवायची शक्यता जास्त. नसतील गेले तरी नॅशनल सायबरक्राइम पोर्टलवर किंवा जवळच्या चौकीत तक्रार द्या. घरातला मुलगा सांगायला आला तर "तू तिकडे गेलासच का" हे आधी विचारू नका, आधी पैसे पाठवलेत का ते विचारा आणि त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, फारच खचला असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो. व्हिडिओ पसरेल ही धास्ती असेल तर स्टॉप-एनसीआयआय नावाची फुकट सोय आहे, तिथे व्हिडिओ अपलोड होत नाही, तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा (ओळखीचा कोड) तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टासारख्या सहभागी साइट त्या ठशावरून तो अडवतात. वय अठराच्या आत असेल तर तशीच टेक इट डाउन नावाची वेगळी सोय आहे.