६०० किलोंत बसणारं विमान

घरी बांधलेल्या विमानाचं वजन करताना त्याच्या तीन चाकांखाली तीन वजनकाटे ठेवतात. आधी हँगरचं दार लावून घ्यावं लागतं, कारण वाऱ्याची साधी झुळूक आली तरी पंख थोडे उचलले जातात आणि काट्यावरचा आकडा खाली येतो. गवंडी वापरतात तसली लेव्हल लावून विमान आडव्या रेषेत आणायचं, आतली हत्यारं, फडकी, पाण्याची बाटली बाहेर काढायची आणि मग तीन आकडे वाचून बेरीज करायची. समजा, ती ३५० किलो आली. मर्यादा ६०० ची असेल तर उरले २५०. त्यात ८५ किलोंची दोन माणसं बसली की ८० किलो राहतात. तेवढं, म्हणजे साधारण ११० लिटर पेट्रोल भरलं की हिशेब संपला. बॅगेला जागा नाही. हौसेने दिलेला रंगाचा दुसरा हातसुद्धा या हिशेबात किलोंनी मोजला जातो.

हा ६०० चा आकडा अमेरिकेतल्या २००४ च्या ‘लाइट स्पोर्ट’ नियमांतला. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचं कमाल वजन १३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो. आसनं फार तर दोन, पिस्टनचं एकच इंजिन, आत न घेता येणारी चाकं, उड्डाणात पात्यांचा कोन बदलता न येणारा प्रोपेलर. सरळ उड्डाणातला सर्वाधिक वेग १२० नॉट, म्हणजे ताशी २२२ किलोमीटर, आणि फ्लॅप, म्हणजे पंखामागच्या झडपा, न वापरता स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली विमान हवेत टिकत नाही तो वेग, फार तर ४५ नॉट, म्हणजे ८३ किलोमीटर. विमान या चौकटीत बसलं तर वैमानिकाला विमान खात्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी मोटारीचं लायसन्स चालायचं, आणि ‘स्पोर्ट पायलट’च्या परवान्यासाठी नेहमीच्या किमान ४० तासांऐवजी २० तासांचं उड्डाण पुरायचं. साठी-सत्तरीतल्या वैमानिकांसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! दहा वर्षं खपून बांधलेलं विमान आपण स्वतः उडवायचं की नाही, हे त्यावर ठरायचं.

घरी बांधलेलं विमान म्हटलं की आपल्याला कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात. त्यांचं विमान सहा आसनी, त्यामुळे ते या चौकटीच्या बाहेरचं. पण विमानाचा निर्माता एक माणूस असू शकतो, ही कल्पना तीच. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी स्वतः बांधला असेल, तर बांधणारा कायद्यानेही निर्माता ठरतो आणि कमाल वजनाचा आकडा तोच लिहितो. आराखड्याप्रमाणे ७०० किलोंपर्यंत चालणाऱ्या विमानाला ६०० ची मर्यादा घालायला तो मोकळा असतो. मात्र हे पहिल्या प्रमाणपत्राच्या वेळीच. नियमाची अट अशी होती की पहिल्या प्रमाणपत्रापासून विमान सतत चौकटीत असलं पाहिजे. एकदा बाहेर गेलं की परतीची वाट बंद.

या अटीचा मोठा फटका एका कारखान्यात बनलेल्या विमानाला बसला. १९४० च्या दशकातलं एर्कूप हे दोन आसनी, देखणं विमान. मूळ रचनेत त्याला रडरचे, म्हणजे शेपटीच्या उभ्या सुकाणूचे, पेडलच नव्हते. त्याच्या ४१५-सी प्रकाराचं कमाल वजन १२६० पौंड, म्हणून ते चौकटीत. ४१५-डी चं १४००, म्हणून बाहेर. दोन्ही शेजारी उभी केली तर बघणाऱ्याला फरक कळणार नाही. पण जुन्या मालकाने कधीकाळी सी चं रूपांतर डी मध्ये करून घेतलं असेल, तर पुढच्या मालकाने ते उलटं फिरवूनही उपयोग नव्हता. मला ही अट कठोर वाटते, कारण हवेला कागदाचा इतिहास ठाऊक नसतो.

हवेला ठाऊक असतं ते इतकंच: किती वजन, किती पंख, किती वेग. वेग कमी होत जातो तसं तेवढंच वजन पेलायला पंखाचं नाक वर करावं लागतं. एका कोनानंतर वरच्या पृष्ठावरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते आणि विमान खाली पडू लागतं. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिन चालू असलं तरी तो होतो. स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ७०० किलोंवर जे विमान ४८ नॉटला स्टॉल होतं, तेच ६०० किलोंवर सुमारे ४४.४ नॉटला होतं. म्हणजे एकाही खिळ्याला हात न लावता, नुसतं ओझं कमी करून ते ४५ च्या आत येतं.

तेवढ्याने भागलं नाही तर पंखाकडे वळावं लागतं. साध्या पंखावर ४५ नॉटच्या वेगाला दर चौरस मीटरवर ४७ ते ५० किलोच पेलले जातात, म्हणून ६०० किलोंना बारा-तेरा चौरस मीटर पंख लागतो. पंख लांबवला की क्षेत्रफळ वाढतं, पण मुळाशी वाकवणारा जोरही वाढतो आणि आतल्या मुख्य तुळईचं गणित पहिल्यापासून मांडावं लागतं. त्यामानाने सोपा उपाय व्होर्टेक्स जनरेटरचा. नखाएवढ्या पत्र्याच्या पट्ट्या पंखाच्या पुढच्या कडेजवळ, वरच्या बाजूला ओळीने चिकटवतात. प्रत्येक पट्टीमागे हवेचा लहानसा भोवरा तयार होतो. तो वरची वेगवान हवा पृष्ठाशी ओढून आणतो, त्यामुळे हवा पंखाला जास्त कोनापर्यंत धरून राहते.

वरच्या वेगाचं दुखणं वेगळं. विमान ताशी २४० किलोमीटरने जात असेल आणि ते २२२ वर आणायचं असेल, तर इंजिनाची ताकद जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरवावी लागते, कारण या वेगाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इथे प्रोपेलर कामी येतो. पात्यांचा कोन कमी ठेवला की घाटात गाडी दुसऱ्या गिअरला टाकल्यासारखं होतं: चढायला जोर मिळतो, पण इंजिन आपल्या फेऱ्यांच्या मर्यादेला लवकर भिडतं. लोकप्रिय रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन मिनिटाला ५८०० फेरे फक्त पाच मिनिटं घेऊ शकतं. सतत चालवायचं तर ५५००. नियमाला हवा होता तो वेग याच सततच्या ताकदीवरचा.

हे इंजिन सुमारे ६० किलोंचं, म्हणजे घरातल्या दोन भरलेल्या सिलिंडरांएवढं. जुनं लायकमिंग इंजिन काढून ते बसवलं की चाळीस-पन्नास किलो वाचतात, पण वाचतात ते नाकातून. तराजूची दांडी शेपटीकडे झुकते. शेपूटजड विमान स्टॉलमधून बाहेर काढणं कठीण, कधी अशक्य. म्हणून हलकं इंजिन लांब सांगाड्यावर, आणखी पुढे बसवतात. प्रत्येक बदलानंतर ते तीन काटे पुन्हा बाहेर निघतात, आणि मोठा बदल असेल तर चाचणी उड्डाणंही पुन्हा करावी लागतात. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक काम हेच. नाक वर असताना वेगमापकाची नळी हवा तिरकी घेते आणि खोटं वाचन देते. ही चूक दुरुस्त केल्याशिवाय ४५ हा आकडा खरा मानता येत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या दिशांना उडून, जीपीएसचे वेग टिपून, वाऱ्याचा हिशेब वजा करावा लागतो.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने हे नियम बदलले. स्पोर्ट पायलटसाठी वजनाची मर्यादा गेली, वरच्या वेगाचीही गेली. या तीन आकड्यांपैकी स्टॉलचा वेग तेवढा राहिला, तोही वाढून ५९ नॉट झाला. हे बरोबर झालं असं मला मनापासून वाटतं. काही बिघडून शेतात उतरायची वेळ आली, तर जमिनीला टेकताना असलेला वेगच माणसाला वाचवतो किंवा मारतो, आणि धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. त्याच हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या विमानात ४५ वरून ५९ वर जाणं म्हणजे ७२ टक्के जास्त ऊर्जा. सवलत मोठी आहे. पण निदान जे मोजायला हवं तेच आता मोजलं जातं.

वैमानिकांसाठीचा हा भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, आणि १४०० पौंडांचं एर्कूप ४१५-डी मोटारीच्या लायसन्सवर उडवता येऊ लागलं.