डॉक्टर लिव्हरच्या संघटनेत गेला, तर पेशंटला काय?

लिव्हर सिरॉसिसचा, म्हणजे लिव्हर कायमचं कडक आणि निकामी होत चाललेला पेशंट दवाखान्यातून निघताना एक सल्ला अजूनही हमखास घेऊन येतो: डाळ बंद, दूध बंद, अंड्याचं तर नावच नको. मग धुळ्या-जळगावच्या घरात त्याच्या ताटात उरतं काय? भाताची पेज, उसाचा रस आणि ग्लुकोज. कळण्याची भाकरीसुद्धा बाद, कारण तिच्यात उडीद.

या पथ्यामागे तर्क होता. प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतो. बिघडलेल्या लिव्हरला तो आवरत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस बरळायला लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. पण 2004 साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी अशाच पेशंटांच्या एका गटाची प्रथिनं तोडली, दुसऱ्याला नेहमीइतकी दिली. गुंगी उतरण्यात फरक पडला नाही; उलट ज्यांची तोडली त्यांच्या शरीरातल्या प्रथिनांची झीज जास्त झाली. आणि लिव्हर थकलं की अमोनियाचा बराच भार स्नायूच उचलतात! युरोपातली लिव्हर तज्ज्ञांची संघटना 'ईझल' (स्थापना 1966) आपल्या 2018च्या सूचनांत किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगते, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. झोपण्यापूर्वी काहीतरी खायचं, हेही त्यात आहे. अशा लिव्हरमध्ये साखरेचा साठा पुरत नाही, त्यामुळे रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं. पोटात पाणी झालं असेल तर हात आखडायचा तो मिठाचा. पापड, लोणचं, शेवभाजी यांच्यावर गदा येते, डाळीवर नाही.

हे बार्सिलोनाहून शिरपूर-तळोद्याच्या प्रिस्क्रिप्शनवर यायला वेळ लागतो, त्यात डॉक्टरचा आळस असतो असं नाही. आपल्याकडचा एमडी फिजिशियन एका दिवसात डेंग्यू, शुगर, बीपी, सर्पदंश सगळं बघतो. प्रत्येक अवयवाचं नवं संशोधन त्याने एकट्याने चाळावं, ही अपेक्षाच फोल. संघटनेचं काम इथे सुरू होतं: शेकडो पेपर वाचून, भांडून, कुठला पुरावा पक्का आणि कुठला कच्चा हे ठरवून चार पानांत सांगायचं. भारतात हे काम 'इनासल', म्हणजे इंडियन नॅशनल असोसिएशन फॉर स्टडी ऑफ द लिव्हर, करते.

ज्ञान उलट दिशेनेही जातं. कोरोनात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. एखाद्याला कावीळ झाली, तर एका डॉक्टरच्या लेखी तो योगायोग. मुंबईच्या डॉक्टरांनी असे सहा पेशंट 2021मध्ये इनासलच्याच नियतकालिकात मांडले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. 2022मध्ये देशातल्या 13 केंद्रांनी मिळून 43 पेशंट पुढे ठेवले. त्यांतल्या बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हेपटायटिससारखं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटल्यासारखं चित्र होतं. एकट्याच्या वहीत हे कधीच दिसलं नसतं.

अंतराचा प्रश्न खान्देशाला सांगायला नको. लिव्हरसाठी नंदुरबारचा माणूस सुरत गाठतो, धुळ्याचा नाशिक, जळगावचा संभाजीनगर नाहीतर थेट मुंबई. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत, तशाच लांबलांब वस्तीच्या राज्यात, डॉ. संजीव अरोरा यांनी 2003मध्ये वेगळी वाट काढली. पेशंट हलवायचा नाही. गावातल्या डॉक्टरने व्हिडिओवर केस मांडायची आणि तज्ज्ञांसोबत उपचार ठरवायचे. 2011च्या अभ्यासात हेपटायटिस सी बरा होण्याचं प्रमाण विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये 57.5 टक्के, तर या गावच्या डॉक्टरांकडे 58.2 टक्के निघालं. ही औषधं तेव्हाची, इंजेक्शनवाली आणि त्रासदायक; आता गोळ्यांनी त्याहून कितीतरी जास्त बरे होतात. मुद्दा आकड्यांच्या बरोबरीचा आहे. अक्कलकुवा-धडगावकडे सिकलसेलच्या (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) पेशंटला कावीळ होते, तेव्हा पित्ताचे खडे, व्हायरस की सिकलसेलचाच झटका, हे विचारायला फोनवर कोणीतरी असणं म्हणजे काय, ते तिथल्या डॉक्टरलाच कळेल.

भिंतीवरच्या सर्टिफिकेटला मात्र भुलू नये. सभासदत्व म्हणजे डीएमची, एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटीची पदवी नव्हे. वर्गणी भरून परिषदेत फक्त जेवून येणारेही असतात. शिवाय परिषदांच्या मांडवाला औषध कंपन्यांचा पैसा लागतो. म्हणून बऱ्या संघटना सूचना छापताना कुठल्या लेखकाला कुठल्या कंपनीकडून काय मिळालं, तेही छापतात. मी सूचना हातात पडल्या की आधी ते पान उघडतो.