गळ्यातली पोत आणि मनातला घाव

नेपाळमध्ये लग्न झालेल्या हिंदू बाईच्या गळ्यात काचेच्या बारीक मण्यांची माळ असते. तिला तिकडे 'पोते' म्हणतात. आपल्याकडच्या पोतीची बहीणच ती. भांगात सिंदूर, हातात बांगड्या, अंगावर लाल वस्त्र. नवरा गेला की हे सगळं उतरतं. पण नवरा गेला की आहे, हेच कुणाला ठाऊक नसेल तर?

1996 ते 2006 या दहा वर्षांत नेपाळमध्ये माओवादी बंडखोर आणि सरकारी फौजा यांच्यात युद्ध चाललं. 13,000हून जास्त माणसं मेली आणि सुमारे 1,300 बेपत्ता झाली. बेपत्तांची सर्वांत मोठी संख्या तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या, बर्दिया जिल्ह्यातली, आणि त्यांतले बहुतेक तिथल्या थारू या आदिवासी समाजाचे. रात्री कुणीतरी दार ठोठावलं, माणसाला नेलं, आणि पुढे काहीच कळलं नाही.

अशा बेपत्ता माणसांच्या बायकांची कोंडी अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. पोत आणि सिंदूर ठेवलं तर गावात कुजबुज सुरू होते. उतरवलं तर सासरच्यांना वाटतं, हिने आपल्या मुलाला मेलेलं धरलं. घरात तिची जागा सुनेची की विधवेची, जमिनीत तिचा वाटा किती, हे सगळं लोंबकळत राहतं. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखाला 'अनिश्चित वियोग' या अर्थाचं नाव दिलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा त्यांनी अभ्यास केला होता.

त्याच व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांमुळे आघातोत्तर ताणाचा विकार, म्हणजे पीटीएसडी, 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, दुःस्वप्नं, सतत सावध राहणं, आठवण करून देणाऱ्या जागा टाळणं ही त्याची लक्षणं. मला मात्र 'आघातोत्तर'मधल्या 'उत्तर', म्हणजे 'नंतर', या शब्दापाशी थांबावंसं वाटतं. सैनिक निदान युद्धभूमी सोडून घरी येतो. बर्दियातल्या बाईची युद्धभूमी तिचं घरच होतं. दार तेच, रस्ता तोच, आणि कधी कधी खबर देणारा शेजारीही तोच.

इथे मेंदूचं काम कसं चालतं ते पाहायला हवं. भीतीची आठवण सहसा पुसली जात नाही. तिच्यावर दुसरी, सुरक्षिततेची आठवण बसावी लागते. रात्री कुत्री भुंकली की त्या बाईच्या मेंदूतला अमिग्डाला हा भाग धोक्याची घंटा वाजवतो. कुत्री भुंकली आणि काहीच झालं नाही, अशा शेकडो रात्री गेल्या की कपाळामागचा मेंदू हळूहळू ती घंटा आवरायला शिकतो. ही शिकवणी सुरक्षित आयुष्याच्या हातात असते. दिवसभर टोमणे, उद्याच्या धान्याची चिंता आणि सासरी तुटकपणा वाट्याला येत असेल, तर मेंदूने 'आता सगळं ठीक आहे' हे शिकायचं कुठून?

नेपाळमध्ये मनोविकारतज्ज्ञ ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला यासाठी फार मोलाचं वाटतं. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी 141 माजी बालसैनिकांची तुलना युद्धात कधीच ओढल्या न गेलेल्या तितक्याच मुलांशी केली. पहिल्या गटात 55 टक्के मुलांमध्ये पीटीएसडी आढळला, दुसऱ्यात 20 टक्के. यात आश्चर्य नाही. पण प्रत्येकाने किती भयंकर प्रसंग पाहिले याचा हिशेब वजा केला, तरीही फरक उरला. आणि तो मुलींमध्ये जास्त होता.

मग हा उरलेला फरक कुठून आला? परतलेल्या मुलीकडे गाव कसं पाहतं, याचं उत्तर द्यायला मराठी माणसाला नेपाळला जावं लागणार नाही. परक्या पुरुषांबरोबर रानात राहिलेली पोर, आता हिच्याशी लग्न कोण करणार! पुढच्या एका अभ्यासात दिसलं की छळ सोसलेल्या मुलांची अवस्था सर्वांत वाईट होती, आणि शिक्षणाने मुलं सावरत होती. घरात मारहाण असणं, नातलग युद्धात मरणं, युद्धात घरची मत्ता जाणं यांनी त्रास वाढत होता. उच्चवर्णीय हिंदू वस्त्यांत परतलेल्या मुलांना पुन्हा सामावून घेणारा आधार कमी मिळत होता.

याचा अर्थ युद्धाचा घाव खोटा आणि खरा दोष गावाचाच, असा मात्र नाही. नेपाळच्याच जुम्ला जिल्ह्यात, युद्धाची झळ तिथे पोहोचण्याआधी, योगायोगाने 2000 साली काही लोकांची तपासणी झालेली होती. त्याच लोकांना 2007 मध्ये पुन्हा तपासलं. चिंताविकाराचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 48 टक्क्यांवर गेलं होतं, आणि ज्याने युद्धाची झळ जास्त सोसली त्याचा त्रासही जास्त होता. रोजच्या जगण्यातले ताण हिशेबात धरूनही हे नातं टिकलं. काबूलमधल्या 320 प्रौढांच्या पाहणीत उलट बाजू दिसली. तिथे नैराश्य आणि रोजची कामं करण्यातली अडचण यांचा अंदाज युद्धाच्या अनुभवांपेक्षा रोजच्या ताणांवरून चांगला बांधता येत होता. पीटीएसडीचं मात्र तसं नव्हतं. शिवाय जो आतून खचलेला असतो त्यालाच लोक लवकर दूर सारतात. त्यामुळे एकदाच केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय, हे सुटत नाही.

भाषेचाही इथे हात आहे. नेपाळीत 'मन' वेगळं आणि 'दिमाग' वेगळा. मन दुखणं कुणालाही चुकत नाही, त्यात लाज नाही. दिमाग बिघडला म्हणजे माणूस वेडा. आपणही 'मनाला लागलं' सहज म्हणतो आणि 'डोक्यावर परिणाम झालाय' हे दबक्या आवाजात बोलतो. म्हणून आजाराचं नाव सांगतानाही कोणता शब्द वापरायचा याला फार महत्त्व येतं. 'मनातला घाव' ऐकून बाई बोलू लागते. दिमागाच्या आजाराचं नाव निघालं तर ती गप्प होते, कारण घरी मुली लग्नाच्या असतात. त्यात कर्माची समजूत. एवढं वाईट वाट्याला आलं म्हणजे मागच्या जन्मीचं काही असणार, असं शेजारी म्हणतात, आणि कधी कधी तिलाही ते खरं वाटतं.

2015 साली बेपत्तांच्या शोधासाठी नेपाळ सरकारने आयोग नेमला. बहुतेक कुटुंबांना अजून उत्तर मिळालेलं नाही. प्रेत नसेल तर दर्भाची प्रतिमा करून अंत्यविधी करता येतो, ती सोय परंपरेत आहे. पण ती प्रतिमा पेटवायची म्हणजे माणूस मेला असं आपल्या तोंडाने सांगायचं. तो उद्या दारात उभा राहिला तर? गळ्यातली पोत तशीच राहते.